शिक्का कोणाचा? लिनक्समधील ‘किल्ली उपलब्ध नाही’ या इशाऱ्याचा अर्थ आणि उपाय

उन्हाळ्याची सुट्टी संपून जळगाव-धुळ्याची महाविद्यालये गजबजू लागली, की संगणक प्रयोगशाळांत एक ठरलेला प्रसंग घडतो. दीड-दोन महिने बंद असलेले संगणक सुरू केले जातात. प्रयोगशाळा साहाय्यक उबुंटू किंवा डेबियन लिनक्सवर नेहमीची ‘अपडेट’ आज्ञा देतो. पडद्यावर भराभर ओळी सरकतात आणि शेवटी एक इशारा उमटतो: अमुक भांडाराची सही तपासता आली नाही, कारण सार्वजनिक किल्ली उपलब्ध नाही. त्यापुढे ‘नो पबकी’ असे शब्द आणि सोळा अंक-अक्षरांची एक अनाकलनीय मालिका दिसते.

यावर प्रतिक्रिया बहुधा दोनच असतात. एक, संगणक तर चालतो आहे असे म्हणून इशाऱ्याकडे दुर्लक्ष करणे. दुसरी, महाजालावर शोध घेऊन जी पहिली आज्ञा सापडेल ती डोळे मिटून टंकणे. पहिल्या मार्गाने संगणकाला सुरक्षाविषयक सुधारणा मिळणे थांबू शकते आणि त्याचा कोणाला पत्ताही लागत नाही. दुसऱ्या मार्गाने आपण एखाद्या अनोळखी व्यक्तीला घराची किल्ली देऊन बसण्याचा संभव असतो. वस्तुतः हा इशारा म्हणजे बिघाड नव्हे. संगणक आपल्याला एक प्रश्न विचारत असतो: “हा शिक्का कोणाचा आहे? तुम्ही या माणसाला ओळखता का?” या प्रश्नाचे खरे उत्तर देणे हाच त्यावरचा उपाय होय. प्रश्न विचारणाऱ्याचे तोंड बंद करणे हा नव्हे.

मोर्तब कशासाठी?

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. अशा संस्थांच्या दप्तरांत जुनी मोडी पत्रे पाहताना एक गोष्ट लक्षात येते. राजपत्राच्या माथ्यावर मुद्रा असते आणि मजकूर जेथे संपतो तेथे मोर्तब उमटवलेले असते. मुद्रेवरून पत्र कोणाचे ते कळते. मोर्तबावरून मजकूर येथे संपला हे कळते, म्हणजे त्याखाली मागाहून कोणी एखादी ओळ घुसडली तर ती तत्काळ उघडी पडते. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आज सहज वापरतो, पण त्यात दोन वेगवेगळ्या हमी सामावलेल्या आहेत: कर्त्याची ओळख आणि मजकुराची अखंडता.

लिनक्समधील डिजिटल सही नेमकी हीच दोन कामे करते. फरक इतकाच, की शिक्क्याच्या जागी गणित असते. भांडार चालवणाऱ्या संस्थेकडे किल्ल्यांची एक जोडी असते. त्यांपैकी खासगी किल्ली ती संस्था कडेकोट जपते आणि तिच्या साहाय्याने सही करते. सार्वजनिक किल्ली सर्वांना वाटली जाते, आणि तिच्या साहाय्याने कोणालाही ती सही तपासता येते. करता मात्र येत नाही. महाभूमी संकेतस्थळावरून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ज्यांनी काढला असेल, त्यांना ही कल्पना अपरिचित नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० अन्वये आपल्या देशात अशा सहीला कायदेशीर मान्यताही आहे.

‘नो पबकी’ या इशाऱ्याचा अर्थ आता उलगडतो. पत्रावर शिक्का आहे. पण तो ताडून पाहण्यासाठी लागणारा नमुना आपल्या दप्तरी नाही. शिक्का खोटा आहे असे संगणक म्हणत नाही, आणि खरा आहे असेही म्हणत नाही. “मला सांगता येत नाही” एवढेच त्याचे म्हणणे असते.

सहीची साखळी

डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट यांसारख्या प्रणालींत नवी आज्ञावली बसवण्याचे काम ‘ॲप्ट’ नावाचा व्यवस्थापक करतो. आज्ञावल्यांची पॅकेजे महाजालावरील भांडारांत ठेवलेली असतात. प्रत्येक भांडारात ‘रिलीज’ नावाची एक फाइल असते. तीत पॅकेजांच्या याद्यांचे गणिती ठसे नोंदलेले असतात. त्या याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजचा ठसा असतो. सही होते ती केवळ ‘रिलीज’ फाइलवर. सही खरी ठरली की याद्या खऱ्या ठरतात, आणि याद्या खऱ्या ठरल्या की पॅकेजे खरी ठरतात. एखाद्या पॅकेजमधील एक अक्षर जरी कोणी बदलले, तरी त्याचा ठसा जुळत नाही आणि ॲप्ट ते नाकारतो.

या रचनेचा मोठा फायदा असा, की पॅकेज कोठून आले याला महत्त्व उरत नाही. भांडाराच्या प्रतिकृती जगभर अनेक विद्यापीठे व संस्था ठेवतात. त्यांतील प्रत्येकीवर विश्वास ठेवण्याची गरज पडत नाही. मजकूर कोणत्याही डाकेने आला तरी मोर्तब मूळ कर्त्याचेच असते.

ही व्यवस्था पहिल्यापासून नव्हती. ॲप्ट १९९९ मध्ये डेबियन २.१ बरोबर आला. परंतु सही तपासण्याची सोय त्याच्या स्थिर आवृत्तीत एप्रिल २००७ मध्ये, डेबियन ४.० बरोबर आली. मधल्या काळात, नोव्हेंबर २००३ मध्ये, डेबियन प्रकल्पाच्याच काही सर्व्हरांमध्ये घुसखोरी झाली होती. केवळ सर्व्हरवर विश्वास ठेवून भागत नाही, हे त्या घटनेने ठळकपणे दाखवून दिले.

किल्ली का सापडत नाही?

या इशाऱ्यामागची कारणे मोजकी आहेत. ती ओळखता आली की निम्मे काम झाले.

पहिले आणि सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे बाहेरचे भांडार. ब्राउझर, विदागार किंवा प्रोग्रॅमिंगचे एखादे साधन हवे म्हणून कोणीतरी कधीकाळी त्या उत्पादकाचे भांडार यादीत जोडलेले असते. किल्ली मात्र जोडलेली नसते, किंवा जुन्या पद्धतीने जोडलेली असते.

दुसरे कारण म्हणजे किल्ली बदलणे. संस्था ठराविक काळाने नव्या किल्ल्या तयार करतात. नियमित अद्ययावत होणाऱ्या संगणकाला नवी किल्ली जुनी बाद होण्याआधीच मिळते. महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या संगणकाची मात्र ती गाडी चुकते.

तिसरे कारण किल्लीची मुदत संपणे. अशा वेळी संदेशात ‘नो पबकी’ऐवजी ‘एक्स्प-की-सिग’ असे शब्द येतात. येथे बहुधा नवी किल्ली लागत नाही. त्याच किल्लीची मुदत वाढवलेली प्रत लागते.

चौथे कारण फाइलीचे. किल्ली संगणकावर असते. पण तिची फाइल वाचण्याची परवानगी केवळ मुख्य वापरकर्त्याला दिलेली असते. ॲप्ट तपासणीचे काम मर्यादित अधिकार असलेल्या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने करतो. त्याला फाइल उघडता आली नाही, की किल्ली असूनही नसल्यासारखी होते. फाइलीच्या नावाचे शेपूटही महत्त्वाचे आहे. अक्षररूपात मिळालेल्या किल्लीला ‘डॉट एएससी’ आणि द्विमान रूपातील किल्लीला ‘डॉट जीपीजी’ असे शेपूट हवे. यात अदलाबदल झाली तर ॲप्ट ती फाइल बाजूला सारतो.

पाचवे कारण जुन्या प्रयोगशाळांना विशेष लागू पडते: घड्याळ. मदरबोर्डवरील छोटा सेल संपला की संगणक बंद होताच तारीख मागे जाते. मग आज केलेली सही त्या संगणकाला भविष्यकाळातील वाटते आणि तो ती मानत नाही. अशा वेळी किल्ली शोधत बसण्यापेक्षा काही रुपयांचा सेल बदलणे हाच खरा उपाय ठरतो.

सहावे कारण महाविद्यालयांच्या आणि वसतिगृहांच्या जाळ्यांत दिसते. तेथे आंतरजालासाठी आधी नाव व परवलीचा शब्द द्यावा लागतो. तो दिलेला नसेल, तर ॲप्टने मागितलेल्या ‘रिलीज’ फाइलीऐवजी प्रवेशाचे पानच त्याच्या हाती पडते. त्या पानावर सही कोठून असणार? या स्थितीत ‘नोस्प्लिट’ हा शब्द असलेला संदेश येतो, आणि जाळ्यासाठी ओळख पटवणे आवश्यक आहे काय, असा प्रश्नही ॲप्ट स्वतःच विचारतो. ब्राउझर उघडून प्रवेश केला की अडचण मिटते.

आधी संदेश वाचावा

डेबियनचा संस्थापक, म्हणजे प्रणाली बसवून देणारी आज्ञावली, मराठीत उपलब्ध आहे. त्यासाठी सी-डॅकच्या मुंबई केंद्रातील ‘जनभारती’ प्रकल्पाने काम केले. ॲप्टच्या संदेशांचाही मराठी अनुवाद झालेला आहे. पण संदेश इंग्रजीत असो वा मराठीत, तो पूर्ण न वाचताच उपाय शोधला जातो ही खरी अडचण आहे. त्यात तीन गोष्टी पाहाव्यात.

एक, भांडाराचा पत्ता. इशारा प्रणालीच्या मूळ भांडाराविषयी आहे की बाहेरच्या, हे त्यावरून कळते. दोन, किल्लीचा सोळा चिन्हांचा क्रमांक. हा किल्लीच्या संपूर्ण ठशाचा अखेरचा भाग असतो. संपूर्ण ठसा चाळीस चिन्हांचा असतो. तीन, नेमके शब्द. ‘नो पबकी’ म्हणजे किल्ली नाही. ‘एक्स्प-की-सिग’ म्हणजे मुदत संपली. ‘रेव्ह-की-सिग’ म्हणजे मालकाने किल्ली रद्द केली. ‘बॅड-सिग’ म्हणजे किल्ली आहे, पण सही जुळत नाही. शेवटचे दोन संदेश दिसले तर घाई करू नये. सही न जुळण्यामागे कधी अर्धवट उतरलेली फाइल असते. पण मजकुरात ढवळाढवळ झाल्याचेही ते लक्षण असू शकते.

संदेशाच्या शेवटी, भांडार अद्ययावत केले नाही व आधीच्या याद्याच वापरल्या जातील, असे वाक्य अनेकदा असते. धोका नेमका येथे आहे. संगणक चालत राहतो, पॅकेजेही मिळतात. पण ती जुन्या यादीतली असतात. इशारा मूळ भांडाराविषयी असेल, तर त्या दिवसापासून त्या संगणकाला एकही सुरक्षा-सुधारणा मिळत नाही.

दुरुस्तीचा क्रम

पुढील आज्ञा वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत टंकाव्या लागतील.

१. या भांडाराची गरज आहे का, ते ठरवावे. दोन वर्षांपूर्वी एखाद्या प्रात्यक्षिकासाठी जोडलेले भांडार आज कोणी वापरत नसेल, तर ते काढून टाकणे हीच उत्तम दुरुस्ती होय. भांडारांच्या नोंदी ‘ईटीसी’ निर्देशिकेतील ‘ॲप्ट’ या उपनिर्देशिकेत असतात. तेथे ‘सोर्सेस डॉट लिस्ट’ ही फाइल आणि ‘सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी’ ही निर्देशिका सापडेल. नको असलेल्या ओळीच्या आरंभी ‘हॅश’ चिन्ह घातले की ती निष्क्रिय होते.

२. तारीख आणि जाळे तपासावे. ‘डेट’ ही आज्ञा देऊन तारीख-वेळ पाहावी. ब्राउझरमध्ये एखादे संकेतस्थळ उघडून जाळ्याचा प्रवेश पूर्ण झाल्याची खात्री करावी.

३. भांडार प्रणालीचे स्वतःचे असेल, तर किल्ल्यांचे पॅकेज अद्ययावत करावे. डेबियनमध्ये त्याचे नाव ‘डेबियन-आर्काइव्ह-कीरिंग’, तर उबुंटूमध्ये ‘उबुंटू-कीरिंग’ असे आहे. भांडारच उघडत नसल्यामुळे ते नेहमीच्या मार्गाने मिळत नसेल, तर प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून सुरक्षित जोडणीने उतरवून घ्यावे आणि ठसा पडताळून बसवावे. मुळात प्रणालीची आवृत्तीच कालबाह्य झाली असेल, तर किल्लीच्या मागे लागू नये; नवी आवृत्ती बसवावी.

४. भांडार बाहेरचे असेल, तर किल्ली त्याच्या मालकाच्याच संकेतस्थळावरून घ्यावी. पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होत असल्याची खात्री करावी. तिऱ्हाइताच्या लेखातून, किंवा कोणीतरी पाठवलेल्या फाइलीतून किल्ली घेऊ नये.

५. ठसा ताडून पाहावा. उतरवलेली फाइल कोठेही बसवण्यापूर्वी ‘जीपीजी’ या आज्ञेला ‘शो-कीज’ हा पर्याय देऊन ती पाहावी. मालकाचे नाव, मुदत आणि चाळीस चिन्हांचा ठसा दिसेल. हा ठसा मालकाने प्रसिद्ध केलेल्या ठशाशी पहिल्यापासून शेवटच्या चिन्हापर्यंत जुळवावा. शक्य तर तो दुसऱ्या एखाद्या ठिकाणीही पाहावा. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळातच घुसखोरी झाली आणि काही काळ तेथील दुवे बिघडवलेल्या प्रतीकडे नेत होते. अधिकृत पानही क्वचित दगा देऊ शकते, हे त्यावरून ध्यानात घ्यावे.

६. किल्ली योग्य जागी ठेवावी. ‘ईटीसी’तील ‘ॲप्ट’मध्ये ‘कीरिंग्ज’ ही निर्देशिका याचसाठी आहे. जुन्या आवृत्तीत ती नसेल तर तयार करावी. फाइलीची परवानगी ६४४ ठेवावी, म्हणजे लिहिण्याचा अधिकार केवळ मुख्य वापरकर्त्याला व वाचण्याचा सर्वांना राहील.

७. किल्लीची भांडाराशी गाठ घालावी. भांडाराच्या नोंदीत ‘डेब’ या शब्दानंतर चौकटी कंसात ‘साइन्ड-बाय’, बरोबरचे चिन्ह आणि किल्लीच्या फाइलीचा संपूर्ण मार्ग लिहावा. ‘डॉट सोर्सेस’ शेपटाच्या नव्या पद्धतीच्या फाइलीत ‘साइन्ड-बाय’ ही स्वतंत्र ओळ असते. या नोंदीचा अर्थ असा, की ही किल्ली या भांडारापुरतीच चालेल, इतरत्र नाही.

८. शेवटी ‘सुडो ॲप्ट अपडेट’ ही आज्ञा पुन्हा द्यावी. इशारा नाहीसा झाला आणि त्या भांडाराची ओळ निर्विघ्न पार पडली, म्हणजे काम झाले.

फेडोरासारख्या प्रणालींत व्यवस्थापक ‘डीएनएफ’ असतो आणि तेथे प्रत्येक पॅकेजवर स्वतंत्र सही असते. नवी किल्ली लागली की तो ठसा दाखवून स्वीकारावी काय असे विचारतो. बहुतेक जण तेथे न वाचताच होकार देतात. तो ठसा जुळवून पाहण्याचा नियम तेथेही तितकाच लागू आहे.

जुने तोडगे का टाळावेत?

महाजालावरील असंख्य जुन्या लेखांत ‘ॲप्ट-की’ नावाची आज्ञा देऊन किल्ली-सर्व्हरवरून किल्ली ओढण्याचा सल्ला आढळतो. एके काळी तीच रूढ पद्धत होती. आज ती तीन कारणांनी त्याज्य ठरली आहे.

पहिले कारण असे, की या मार्गाने आलेली किल्ली सर्वच भांडारांसाठी ग्राह्य धरली जाते. एका छोट्या उत्पादकाची किल्ली अशा रीतीने स्वीकारली, तर तिने सही केलेली बनावट ‘मूळ’ यादीही आपला संगणक निमूटपणे मान्य करील. एका खोलीसाठी केलेली किल्ली सबंध वाड्याला लागावी, तसा हा प्रकार. म्हणूनच ही आज्ञा आधी कालबाह्य ठरवली गेली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ती उरलेली नाही.

दुसरे, किल्ली-सर्व्हर ही ओळख पटवणारी कचेरी नव्हे. पारंपरिक किल्ली-सर्व्हरवर कोणीही, कोणाच्याही नावाने किल्ली चढवू शकतो. किल्लीच्या क्रमांकाची केवळ शेवटची आठ चिन्हे पाहून भागत नाही, हे २०१४ मध्येच सिद्ध झाले. तशीच आठ चिन्हे असलेली दुसरी किल्ली साध्या संगणकावर तयार करता येते, हे संशोधकांनी करून दाखवले.

तिसरे, जुन्या लेखांतील पत्ते आता चालतही नाहीत. ‘एसकेएस’ या नावाने चालणारा किल्ली-सर्व्हरांचा प्रसिद्ध समूह २०२१ मध्ये बंद पडला. त्या आधी, २०१९ मध्ये, काही किल्ल्यांवर हजारो निरर्थक सह्या चढवून त्या निकामी करण्याचा प्रकार घडला होता.

याहून घातक तोडगा म्हणजे भांडाराच्या नोंदीत ‘ट्रस्टेड’ म्हणजे ‘विश्वासार्ह’ असे लिहून तपासणीच बंद करणे, किंवा सही नसलेली पॅकेजे चालतील असा पर्याय आज्ञेला जोडणे. त्याने इशारा जातो हे खरे. पण त्याबरोबर पहारेकरीही जातो. जानेवारी २०१९ मध्ये ॲप्टमध्येच एक गंभीर दोष उघडकीस आला होता. साध्या, असुरक्षित जोडणीच्या मध्ये बसलेल्या हल्लेखोराला त्यामुळे हवे ते पॅकेज संगणकात घुसवता आले असते. तो दोष त्वरित दूर झाला. परंतु ती सुधारणा अद्ययावत होणाऱ्या संगणकांनाच मिळाली, हे विसरता कामा नये.

किल्ली हरवली, तेव्हा

किल्ली न सापडण्याचा दोष नेहमी वापरकर्त्याचाच असतो असे नाही. संगणक सुरक्षेचे शिक्षण घेणाऱ्यांत काली लिनक्स लोकप्रिय आहे. एप्रिल २०२५ च्या अखेरीस त्या प्रकल्पाने जाहीर केले, की भांडारावर सही करण्याची जुनी किल्ली आपल्या हातून निसटली असून नवी किल्ली तयार करावी लागली आहे. जुनी किल्ली चोरीस गेली नव्हती. तिच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गच प्रकल्पाकडे राहिला नव्हता. त्यामुळे जगभरातील काली वापरणाऱ्यांना पुढच्या काही दिवसांत हाच इशारा दिसणार हे उघड होते. प्रकल्पाने नव्या किल्लीचा संपूर्ण ठसा प्रसिद्ध केला आणि ती बसवण्याची रीतही सांगितली.

या प्रसंगी ज्यांना ठसा जुळवण्याची सवय होती, त्यांचे काम पाच मिनिटांत झाले. ज्यांना ती नव्हती, त्यांना खरी नवी किल्ली आणि एखाद्या भामट्याने पुढे केलेली ‘नवी किल्ली’ यांत फरक करण्याचे साधनच नव्हते. अडचणीच्या वेळी घाईने स्वीकारलेली किल्ली सर्वांत धोक्याची, हा या घटनेचा धडा आहे.

सही काय सांगत नाही

सुवर्णनगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जळगावच्या वाचकांना हॉलमार्क नवा नाही. १ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या दागिन्यांवर सहा चिन्हांचा विशिष्ट ओळख क्रमांक सक्तीचा झाला, आणि भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तो ग्राहकाला स्वतः पडताळता येतो. किल्लीचा ठसा जुळवणे हे त्याच जातीचे काम आहे. शिक्का आहे एवढ्यावर समाधान न मानता तो नोंदीशी ताडून पाहावा लागतो.

पण येथे एक मोठा भेद आहे. हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेविषयी बोलतो. डिजिटल सही आज्ञावलीच्या शुद्धतेविषयी काहीच सांगत नाही. माल कोणाकडून आला आणि वाटेत तो बदलला गेला नाही, एवढीच तिची ग्वाही असते. मार्च २०२४ च्या अखेरीस ‘एक्सझेड’ या फाइली संकुचित करणाऱ्या साधनात चोरवाट सापडली, तेव्हा हे प्रकर्षाने दिसून आले. ती प्रकल्पाची सूत्रे हाती आलेल्या व्यक्तीनेच पेरलेली होती. त्यामुळे त्या आवृत्त्यांवरच्या सह्या खऱ्याच होत्या. एका अभियंत्याला प्रवेशास नेहमीपेक्षा किंचित अधिक वेळ लागत असल्याचा संशय आला, म्हणून ती उघडकीस आली. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ती पोहोचली नव्हती.

म्हणून बाहेरचे भांडार जोडताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा. या संस्थेला आपल्या संगणकाचे सर्वाधिकार द्यायला आपण तयार आहोत का? पॅकेज बसताना त्यातील आज्ञा मुख्य वापरकर्त्याच्या अधिकाराने चालतात. ‘साइन्ड-बाय’ने किल्लीला कुंपण पडते, भांडारातून येणाऱ्या मालाला नाही. उत्तर नकारार्थी असेल, तर किल्ली मिळाली तरी ती बसवू नये.

प्रयोगशाळांसाठी थोडेसे

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे क्षेत्र जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत पसरले आहे. या भागातील ज्या प्रयोगशाळांत लिनक्स आहे, त्यांना फारसा खर्च न करता काही शिस्ती पाळता येतील. प्रत्येक संगणकावर कोणती बाहेरची भांडारे आहेत, ती कोणासाठी व केव्हा जोडली, आणि त्यांच्या किल्ल्यांचे ठसे काय आहेत, याची एक साधी वही ठेवावी. सुट्टीतही महिन्यातून एकदा संगणक सुरू करून अद्ययावत करावेत, म्हणजे किल्ल्या बदलण्याची संधी चुकणार नाही. ज्या यंत्रांची तारीख मागे जाते त्यांचे सेल बदलावेत. विद्यार्थ्यांनाही हा इशारा लपवण्याजोगी कटकट म्हणून दाखवू नये, तर प्रात्यक्षिकाचा विषय म्हणून दाखवावा. लिनक्सची ओळख मराठीतून करून घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे मराठी पाठ उपयोगी आहेत.

कागद पुढे आला, की तो कोणाचा, कोणाच्या शिक्क्याचा आणि मागाहून त्यात भर तर पडलेली नाही ना, हे पाहिल्याशिवाय इतिहासाचा अभ्यासक त्यावर विसंबत नाही. संगणक हीच चिकित्सा आपल्या वतीने रोज करीत असतो. एखादे दिवशी त्याला शिक्का ओळखता आला नाही, तर तो आपल्याला हाक मारतो. त्या वेळी पाच मिनिटे थांबून चाळीस चिन्हे जुळवून पाहावीत, मगच शिक्कामोर्तब करावे.